ईजीएफआर उत्परिवर्तन आणि फुप्फुसाच्या कर्करोगावरील लक्ष्यवेधी औषधे

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात झालेला बदल. गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब ही औषधे रुग्णाला लागू पडण्याची शक्यता किती, याचा अंदाज या बदलावरून उपचारापूर्वीच बांधता येतो. तो बहुधा गाठीच्या पेशींपुरता असतो, आनुवंशिक नसतो.

कार्य : ईजीएफआर जनुक सातव्या गुणसूत्रावर असते. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीपटलावर ग्राही म्हणून काम करते. वाढीला चालना देणारा घटक बाहेरून त्याला जोडला गेला, की आतला टायरोसीन कायनेज हा भाग कार्यान्वित होतो आणि पेशीला विभाजनाचा संदेश मिळतो. उत्परिवर्तनानंतर हा संदेश अशा घटकावाचूनही सुरू राहतो व गाठ त्याच्याच आधारावर जगते. औषध कायनेजमधील एटीपी या ऊर्जावाहक रेणूची जागा अडवून संदेश थांबवते. उत्परिवर्तन नसलेल्या गाठी मुख्यतः अन्य मार्गांनी वाढत असल्याने त्यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

शोध : गेफिटिनिबला जपानमध्ये २००२ साली आणि अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली. पाश्चात्त्य रुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांच्याच गाठी लहान झाल्या. त्यांत स्त्रिया, धूम्रपान न केलेले व अॅडेनोकार्सिनोमा या उपप्रकाराचे रुग्ण अधिक होते. याचे कारण २००४ साली बॉस्टन व न्यूयॉर्क येथील संशोधकांनी दाखवले. बॉस्टनमधील एका अभ्यासात औषध लागू पडलेल्या ९ पैकी ८ रुग्णांत उत्परिवर्तन आढळले. लागू न पडलेल्या ७ पैकी एकातही नाही. पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांच्या ‘आयपास’ चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्परिवर्तन असलेल्यांपैकी ७१.२ टक्के रुग्णांना गेफिटिनिबचा गुण आला; नसलेल्यांत हे प्रमाण १.१ टक्के होते आणि त्यांना केमोथेरपीच अधिक उपयोगी ठरली. लिंग किंवा धूम्रपानाच्या सवयीपेक्षा गाठीतील जनुकच निर्णायक असते, हे यातून स्पष्ट झाले.

प्रकार : जनुकाच्या १९व्या एक्झॉनमधील (खंडातील) लहान तुकडा गळणे आणि प्रथिनात ८५८व्या स्थानी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन येणे (एल८५८आर) हे दोन बदल मिळून उत्परिवर्तन असलेल्या बहुतेक रुग्णांत आढळतात; दोन्हींवर ही औषधे प्रभावी आहेत. २०व्या एक्झॉनमध्ये जादा तुकडा शिरल्यास मात्र गेफिटिनिब बहुधा निष्प्रभ ठरते. त्यामुळे केवळ उत्परिवर्तन आहे एवढे कळून भागत नाही. कोणते, हेही पाहावे लागते.

प्रतिकार : गुण आल्यावरही काही काळाने गाठ पुन्हा वाढू लागते. गेफिटिनिब व एर्लोटिनिबनंतर अशा सुमारे निम्म्या रुग्णांत ७९०व्या स्थानी थ्रिओनीनऐवजी मेथिओनीन आलेले असते (टी७९०एम). त्यावर मात करणाऱ्या ओसिमर्टिनिबला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. पुढे ‘फ्लॉरा’ चाचणीत ते पहिले औषध म्हणून दिले असता रोग बळावण्यापूर्वीचा मध्यक काळ १८.९ महिने, तर जुन्या औषधांनी १०.२ महिने भरला. ७९७व्या स्थानच्या बदलामुळे ओसिमर्टिनिबलाही प्रतिकार होऊ शकतो.

भारतातील स्थिती : मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ९०७ भारतीय अॅडेनोकार्सिनोमा रुग्णांच्या अभ्यासात २३ टक्क्यांत उत्परिवर्तन आढळले. याच रुग्णालयाच्या ३५० रुग्णांच्या चाचणीत गेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिल्यावर रोग बळावण्यापूर्वीचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला; दुष्परिणामही वाढले.

तपासणी : बायोप्सीतील ऊतकावर पीसीआर किंवा जनुकक्रम-वाचनाने तपासणी करतात. रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएवरूनही उत्परिवर्तन ओळखता येते. परंतु रक्तात ते आढळले नाही, तर शक्य असेल तेथे ऊतक तपासूनच निष्कर्ष काढतात. एएलके, आरओएस१ व केआरएएस यांसारख्या जनुकांतील बदलांसाठी वेगळी औषधे असल्याने त्यांचीही तपासणी सोबत केली जाते.