वर्गांक आणि वाङ्मय : हॉवर्ड विद्यापीठातील एका संग्रहाचा इतिहास

वाङ्मयेतिहासाची घडण कशी होते याचा विचार करताना आपण लेखक, प्रकाशक, नियतकालिके, पाठ्यक्रम आणि समीक्षक यांचा उल्लेख करतो. ग्रंथालयातील सूचिकार मात्र या चर्चेतून सहसा सुटतो. त्याचे काम तांत्रिक, निरुपद्रवी, कारकुनी स्वरूपाचे आहे असे आपण गृहीत धरलेले असते. वस्तुतः पुस्तकाच्या पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी चिकटवली जाते त्या क्षणी एक समीक्षात्मक निर्णय झालेला असतो. हे पुस्तक वाङ्मय आहे की समाजशास्त्र, कविता आहे की केवळ पुरावा, हे वाचक पान उलगडण्यापूर्वीच ठरून जाते. या निर्णयामागे केवढे राजकारण असू शकते, हे वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

अमेरिकन यादवी युद्धानंतर, १८६७ मध्ये, हे विद्यापीठ स्थापन झाले आणि कृष्णवर्णीयांच्या उच्चशिक्षणाचे ते प्रमुख केंद्र बनले. १९१४ मध्ये विद्यापीठाचे माजी विद्यार्थी व विश्वस्त जेसी मूरलँड यांनी आपला सुमारे ३,००० ग्रंथ, पुस्तिका, हस्तलिखिते आणि चित्रे यांचा खाजगी संग्रह विद्यापीठाला दिला. त्यामागे प्राध्यापक केली मिलर यांचा आग्रह होता. दान मिळाले, पण दान म्हणजे ग्रंथालय नव्हे. ग्रंथ विखुरलेले, नोंदी अपुऱ्या. १९३० मध्ये या संग्रहाची जबाबदारी डॉरोथी पोर्टर या पंचविशीतील ग्रंथपाल स्त्रीवर सोपविण्यात आली, आणि पुढील ४३ वर्षे, १९७३ मधील निवृत्तीपर्यंत, त्यांनी ती सांभाळली. कोलंबिया विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन होत.

पोर्टर यांच्यापुढील पहिला प्रश्न जागेचा किंवा पैशाचा नव्हता. तो आकड्यांचा होता. मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ पासून प्रचारात होती. तिच्यात ३२६ हा वर्गांक गुलामगिरीसाठी आणि ३२५ हा वसाहती व स्थलांतर यांसाठी राखलेला होता. इतर ग्रंथालयांची मदत घ्यायला गेल्यावर पोर्टर यांना आढळले ते असे की, कृष्णवर्णीयाने लिहिलेले किंवा कृष्णवर्णीयाविषयी असलेले जवळजवळ सारे काही या दोन खणांत जाऊन पडत होते. जेम्स वेल्डन जॉन्सन यांचा काव्यसंग्रहसुद्धा ३२५ मध्ये! म्हणजे जो माणूस कित्येक पिढ्या त्याच भूमीवर जन्मला, वाढला, त्याच भाषेत ज्याने कविता लिहिली, तो सूचीच्या लेखी अजून स्थलांतरितच होता. आणि त्याची कविता ही कविता नव्हती, तर एका प्रश्नाचे परिशिष्ट होती.

यात ड्यूई यांचा वैयक्तिक पूर्वग्रह शोधण्याचा मोह होतो. त्यांच्या लेक प्लॅसिड येथील क्लबात ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, हे सत्य आहे. परंतु माझ्या मते हे स्पष्टीकरण फार सोपे आहे. हजारो सूचिकारांनी, त्यांपैकी कितीतरी सुजाण आणि उदार असतील, कसलाही द्वेष मनात न आणता ते पुस्तक त्या खणात ठेवले. पद्धतीत जागा तेवढीच होती. माणसाकडे ‘समस्या’ म्हणूनच पाहणारी ज्ञानव्यवस्था एकदा स्थिरावली की व्यक्तीच्या सद्भावनेला तेथे फारसे काम उरत नाही.

पोर्टर यांनी ती चौकट नाकारली. त्यांच्यापूर्वी तेथे काम केलेल्या ग्रंथपाल स्त्रियांनी घातलेल्या पायावर त्यांनी ग्रंथांची मांडणी लेखक आणि वाङ्मयप्रकार यांनुसार केली. कविता कवितेत गेली, नाटक नाटकात, संगीत, धर्म, शिक्षण, इतिहास आपापल्या जागी. वरवर पाहता ही केवळ हलवाहलव. तथापि तिच्यामुळे एक गोष्ट प्रथमच शक्य झाली : फिलिस व्हीटलीचा १७७३ मधील काव्यसंग्रह आणि विसाव्या शतकातील कवी एका परंपरेत वाचता येऊ लागले. १९४५ मध्ये पोर्टर यांनी उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवींची सूची प्रसिद्ध केली, ती या मांडणीचीच परिणती होय. आपल्याकडे १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची करणाऱ्या शंकर गणेश दाते यांच्याविषयी आपण जी कृतज्ञता बाळगतो (किंवा बाळगायला हवी), तिच्या जातीचे हे काम आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. वेगळा संग्रह, वेगळी खोली, वेगळी सूची म्हणजे तोच ३२५ चा खण मोठा करून बांधणे नव्हे काय? आक्षेप क्षुल्लक नाही, आणि त्याचे पूर्ण निरसन होते असेही मला वाटत नाही. मात्र खणाबाहेरून पाहिले असता समाज एकजिनसी दिसतो. आत शिरून मांडणी करणाऱ्याला त्यातील भेद दिसतात. पोर्टर यांचा १९३६ मधील निबंध १८२८ ते १८४६ या काळातील कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयीन मंडळांविषयी आहे. फिलाडेल्फियात १८३१ मध्ये स्त्रियांचे असे मंडळ होते, १८३३ मध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतःसाठी ग्रंथालय स्थापन केले होते. दक्षिणेत गुलामगिरी चालू असताना उत्तरेत हे लोक वर्गणी काढून ग्रंथ जमवीत होते आणि परस्परांच्या लेखनाची चर्चा करीत होते. ‘गुलामगिरी’ या खणात हा इतिहास कधीच सापडला नसता.

पैशाची अडचण कायमचीच होती. पोर्टर प्रकाशकांना, लेखकांना, मृतांच्या वारसांना पत्रे लिहून पुस्तके मागत. १९४६ मध्ये विद्यापीठाने वकील व ग्रंथसंग्राहक आर्थर स्पिंगार्न यांचा संग्रह विकत घेतला. क्यूबा, ब्राझील, हैती येथील कृष्णवर्णीय लेखकांचे ग्रंथ हे त्याचे वैशिष्ट्य होते. या खरेदीची एक हकिगत पोर्टर यांनी पुढे मुलाखतीत सांगितली आहे. विद्यापीठाच्या कोषाध्यक्षांना मूल्यांकन बाहेरच्या तज्ज्ञाकडून हवे होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील तज्ज्ञाने ग्रंथांवर नजर टाकली, या पुस्तकांविषयी आपल्याला काहीच माहीत नाही अशी कबुली दिली आणि अहवाल पोर्टर यांनाच लिहायला सांगितला. तो त्याच्याकडून गेल्यावर निमूटपणे मान्य झाला. ज्ञान एकीचे, अधिकार दुसऱ्याचा. समीक्षाव्यवहारात ही विभागणी आपल्यालाही अपरिचित नाही.

१९७१ मध्ये पोर्टर यांनी १७६० ते १८३७ मधील कृष्णवर्णीय लेखनाचा संग्रह संपादित केला. त्यात कवितांच्या जोडीला प्रवचने, भाषणे, परस्परसाहाय्यक मंडळांच्या घटना यांनाही स्थान आहे. या साऱ्या गोष्टी त्या संपादिकेला ‘लेखन’ वाटल्या, ‘दस्तऐवज’ नव्हे.

मराठीत दलित साहित्याचा विचार सुरुवातीपासूनच या अमेरिकन अनुभवाशी जोडला गेला आहे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत जपलेले आहे. १९७२ मध्ये दलित पँथरने नावही तिकडूनच घेतले. साम्याची चर्चा आपण पुष्कळ केली; पण ती चळवळीच्या आणि जाणिवेच्या पातळीवर राहिली, कपाटापर्यंत पोहोचली नाही. ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हापासून दलित आत्मकथन ही कलाकृती की सामाजिक दस्तऐवज, हा वाद आपण समीक्षेत घालत आलो. तो वाद सूचिकाराच्या टेबलावर रोज निकालात निघतो, याकडे लक्ष गेले नाही. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन दलित आत्मकथने मला समाजशास्त्राच्या कपाटात आढळली, तर त्याच शेल्फांच्या पलीकडे एका नटवर्यांचे आत्मचरित्र ललित वाङ्मयात होते. ग्रंथपालांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सर, विषय बघून नंबर देतो आम्ही.”

ही निदान छापील, बांधीव पुस्तके होती. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांच्या पुस्तिका, गीतांच्या चोपड्या, जयंतीच्या स्मरणिका, दोनतीन अंकांत बंद पडलेली अनियतकालिके यांची नोंद आपल्या विद्यापीठीय ग्रंथालयांत कोणत्या वर्गांकाखाली आहे, मुळात आहे की नाही, हे मराठीच्या प्रत्येक अध्यापकाने आपापल्या ग्रंथालयात जाऊन एकदा पाहावे.