शिवडीचा किल्ला व पाणथळ

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील, जुन्या परळ बेटाच्या हद्दीतील एक लहान किल्ला व त्यालगतची पाणथळ भूमी. खाडीतील हालचालींवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी तो इ. स. १६८० च्या सुमारास एका टेकडीवर बांधला. पुढे या टेकडीचा दगड खणून नेण्यात आला. किल्ल्याचे बांधकाम साधे, संरक्षणापुरते आहे : उंच दगडी तट, दगडी प्रवेशद्वार, आत चौक, घुमटाकृती छताची लांब वाट व पंचकोनी दालन.

किल्ल्याची खरी कसोटी लागली ती १६८९ मध्ये. गव्हर्नर जॉन चाइल्ड याने मोगलांची जहाजे पकडल्याने औरंगजेब संतापला आणि जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला. त्याचे सैन्य रात्री शिवडीसच उतरले. त्या युद्धात लढलेला खलाशी अलेक्झांडर हॅमिल्टन लिहितो, की येथील पहाऱ्याने इशाऱ्याची एक तोफ डागली आणि ठाणे सोडले. त्यानंतर माझगावही पडले. जून १६९० मध्ये सिद्दीने वेढा उठविला, तो कंपनीने बादशहाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरल्यावर. मुंबईच्या रक्षणार्थ बांधलेल्या या ठाण्याची लष्करी कारकीर्द एवढ्यावरून जोखली, तर ती फारशी अभिमानास्पद ठरत नाही. पुढे येथे कैदी ठेवीत; नंतर बंदर विश्वस्त मंडळाने त्याचा गोदाम म्हणून उपयोग केला. आज ते राज्य संरक्षित स्मारक आहे.

तटावरून पूर्वेस पाहिले असता तिवरांचा पट्टा व ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी चिखलाची विस्तीर्ण पठारे दिसतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून हिवाळ्यात येथे हजारो रोहित (अग्निपंख) पक्षी उतरू लागले. त्यांत लहान रोहित बहुसंख्य असतात. चोच उलटी धरून ते पाण्यातील सूक्ष्म शैवाल गाळून खातात. पावसाळ्यापूर्वी ते परततात. पाहणाऱ्याने भरतीओहोटीचे वेळापत्रक जवळ बाळगावे. पूर्ण ओहोटीत पक्षी फार दूर जातात.

शिवडीची ही भूमी मात्र कायद्याने अभयारण्य नाही. २०१५ मध्ये घोषित झालेले ठाणे खाडी रोहित अभयारण्य (२०२२ पासून रामसर स्थळ) उत्तरेस ऐरोली व वाशी पुलांच्या दरम्यान आहे. पक्षी ही सीमा मानीत नाहीत. भरतीनुसार ते दोन्ही भागांत वावरतात. शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सु. २१·८ किमी. लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. तो याच चिखलपठारावरून जातो. त्यामुळे तेथे त्यावर ध्वनिरोधक भिंती बसविल्या आहेत.