लॅक्टिक ॲसिडवरचा आरोप

व्यायामशाळेत नव्याने दाखल झालेल्या माणसाचे अंग दुसऱ्या दिवशी आंबते. जिना उतरताना मांड्या भरून येतात आणि कुणीतरी जाणकार सांगतो, "लॅक्टिक ॲसिड साचलंय." दुखऱ्या अंगासाठी मराठीत क्रियापदच 'आंबणे' असल्याने हे स्पष्टीकरण आपल्याकडे विनासायास खपते. वस्तुतः त्यामागचा मूळ सिद्धांत १९३० सालीच कोसळला, आणि तो कोसळल्याचे जाहीर करण्यात त्याच्या शिल्पकाराचाच पुढाकार होता.

लॅक्टिक ॲसिड म्हणजे दुग्धाम्ल. १७८० साली स्वीडनमध्ये कार्ल शील यांनी ते आंबलेल्या दुधातून वेगळे केले. पुढे बर्झेलियस यांना तेच आम्ल स्नायूंतही आढळले. मात्र श्रमलेल्या स्नायूत ते नेमके किती असते, हे ठरवणे अवघड होते. कारण स्नायू कापताना आणि कुटताना त्या हाताळणीनेच आम्ल तयार होई. १९०७ साली केंब्रिजमध्ये वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी साधाच तोडगा काढला : बेडकाचा स्नायू बर्फासारख्या थंड अल्कोहोलमध्ये टाकून त्यातली रासायनिक क्रिया जागच्या जागी थांबवायची. मग चित्र स्वच्छ झाले. ऑक्सिजनशिवाय राबवलेल्या स्नायूत आम्ल साचत जाते आणि ऑक्सिजन मिळाला की ओसरते.

या पायावर आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल आणि ओटो मायरहोफ यांनी इमारत उभारली. हिल मूळचे गणिती. स्नायूच्या आकुंचनात निर्माण होणारी अत्यल्प उष्णता मोजण्यात त्यांचा हातखंडा. मायरहोफ जर्मनीतल्या कील येथे रसायनाची बाजू सांभाळत होते : ग्लायकोजेनपासून आम्ल किती तयार होते आणि त्यातले किती पुन्हा ग्लायकोजेनमध्ये परत जाते. नुकत्याच एकमेकांशी लढलेल्या दोन देशांतल्या या दोघांना १९२२ चे नोबेल विभागून मिळाले. निष्कर्ष असा, की आम्लाची निर्मिती हीच स्नायूला आखडवणारी कळ आहे.

बेडकावरून माणसाकडे येताना हिल यांनी प्रयोगासाठी निवडलेल्या माणसांत ते स्वतःही होते. मँचेस्टरला, पाठीवर हवा साठवण्याची पिशवी बांधून, ते हिरवळीवर गोल गोल धावत. वेग वाढवला तसे ऑक्सिजनचे ग्रहण वाढत गेले. मिनिटाला सुमारे ४ लिटरच्या आसपास मात्र ते थबकले. त्यापुढे पाय पळत होते, पण हृदय आणि रक्ताभिसरण जास्त ऑक्सिजन पोचवू शकत नव्हते. ती तूट शरीर उधारीवर भागवते आणि धावणे थांबल्यावर धापा टाकत फेडते, असे हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ साली मांडले. 'ऑक्सिजनचे कर्ज' ही संज्ञा तिथली. कमाल ऑक्सिजन ग्रहणाची कल्पना आजही प्रत्येक क्रीडा प्रयोगशाळेत जिवंत आहे. कर्जाचा हिशेब तेवढा चुकला होता.

पहिली शंका १९२७ साली आली. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लप्रगडा सुब्बाराव यांना, तसेच लंडनमध्ये हिल यांच्याच विभागात काम करणाऱ्या एगल्टन दांपत्याला, स्नायूत फॉस्फेटचे एक अस्थिर संयुग सापडले : फॉस्फोक्रिएटिन. त्याचे काम काय, हे तेव्हा उमगले नव्हते.

उत्तर १९३० साली डेन्मार्कमधून आले. आयनार लुंड्सगार्ड आयोडोॲसेटिक ॲसिड या विषाचे परिणाम तपासत होते. विष दिलेले प्राणी ताठरून मेले, पण त्यांच्या स्नायूंत लॅक्टिक ॲसिड वाढलेलेच नव्हते! त्यांनी विषबाधित स्नायूला चेतना दिली. एक थेंबही आम्ल तयार न करता तो काही काळ आकुंचन पावत राहिला आणि फॉस्फोक्रिएटिन संपले तेव्हाच थांबला. म्हणजे आम्ल ही कळ नव्हतीच.

नोबेल मिळालेल्या माणसाने यावर काय करावे? बचाव करण्याइतकी प्रतिष्ठा हिल यांच्यापाशी नक्कीच होती. त्यांनी १९३२ साली जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'क्रांती' हा शब्द होता, आणि त्या क्रांतीत पदच्युत झालेला सिद्धांत त्यांचा स्वतःचा होता. १९२३ च्या निबंधापेक्षा हा लेख मोठा मानावा लागेल. लुंड्सगार्ड पुढे मायरहोफ यांच्याच प्रयोगशाळेत काम करण्यासाठी गेले, हेही त्या काळाच्या विद्वत्तेला शोभणारे. १९३३ साली हार्वर्डच्या थकवा-प्रयोगशाळेत मार्गारिया, एडवर्ड्स आणि डिल यांनी दाखवले, की धावल्यानंतरचे कर्ज सुरुवातीला जे झपाट्याने फिटते, त्याचा लॅक्टिक ॲसिडशी संबंधच नाही.

त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. हकालपट्टी झालेल्या विद्वानांसाठी ब्रिटनमध्ये मदत परिषद स्थापन झाली. तिच्या उभारणीत हिल आघाडीवर होते. ज्यू असलेल्या मायरहोफ यांनी १९३८ साली हायडेलबर्ग सोडून पॅरिस गाठले आणि १९४० साली फ्रान्स पडल्यावर पिरेनीज पर्वत ओलांडून पुढे फिलाडेल्फियाची वाट धरली.

आम्लाची बाजू पूर्णपणे पालटायला १९८० चे दशक उजाडले. बर्कलीत जॉर्ज ब्रूक्स यांनी मांडले, की लॅक्टेट हा टाकाऊ माल नसून इंधन आहे : एका स्नायूत तयार होते, दुसऱ्या स्नायूत आणि खुद्द हृदयातही जाळले जाते. व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातले त्याचे प्रमाण जवळपास पूर्ववत होते. अंग मात्र दुसऱ्या दिवशी आंबते. त्या दुखण्यामागे स्नायूतंतूंना पडलेल्या बारीक चिरा असाव्यात, असे अमेरिकेत थिओडोर हफ यांनी लिहिले होते, तेही १९०२ साली; फ्लेचर आणि हॉपकिन्स यांच्या प्रयोगाच्या ५ वर्षे आधी.