घरातला कापूस

२५ मार्च २०२०. देशभराच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. त्या दिवशी गुढीपाडवाही होता, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याचं वर्ष याच दिवशी बदलतं. जुन्या सालगड्याचा हिशेब होतो, नवा ठरतो, वर्षाचे पैसे आणि धान्य किती यावर घासाघीस होते. त्या पाडव्याला मात्र आदल्या रात्री आठ वाजता टीव्हीवरून निरोप आला होता: घराबाहेर पडू नका.

यवतमाळला हा आजार तोवर अगदीच परका नव्हता. मार्चच्या मध्यावरच दुबईहून परतलेल्या प्रवाशांमध्ये इथे रुग्ण सापडले होते आणि वैद्यकीय महाविद्यालयात विलगीकरण कक्ष सुरू झाला होता. राज्याने १३ मार्चपासून लागू केलेला साथरोग कायदा होता १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. सव्वाशे वर्षांपूर्वीचं हत्यार, पण हाताशी होतं तेच.

‘घरात राहा’ हे वाक्य ज्यांनी लिहिलं, त्यांच्या डोळ्यांसमोर कुठलं घर होतं? यवतमाळच्या गावातलं नक्कीच नसावं. इथे मार्चमध्ये अनेकांच्या घरात माणसांआधी कापूस राहत होता. कापूस वेचला की लगेच विकतोच असं नाही. हातात थोडा दम असेल तर भाव वाढायची वाट बघत तो घरात ठेवतात. बैठकीत, आतल्या खोलीत, छताला टेकेपर्यंत गंजी. मार्चपर्यंत तो मोजून होतो, म्हणजे विकून होतो, आणि घर मोकळं होतं. त्या वर्षी ऐन त्याच वेळी काटे थांबले.

कागदावर सूट होती. केंद्राने २७ मार्चलाच शेतीची कामं, बाजार समित्या आणि हमीभावाची खरेदी टाळेबंदीतून वगळली होती. पण कापूस म्हणजे गहू नव्हे, की पोती शिवली आणि गोदामात रचली. तो जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात. तिथले कितीतरी मजूर परप्रांतातले, ते गावाकडे निघालेले. जिनिंग बंद तर सीसीआयचं आणि पणन महासंघाचं केंद्रही बंद. एप्रिलच्या शेवटी खरेदी हळूहळू सुरू झाली ती बाजार समितीकडे नोंदणी आणि दिवसाला मोजक्याच गाड्या, अशी. लांब धाग्याचा हमीभाव होता ५५५० रुपये क्विंटल. खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येऊन बराच कमी भाव सांगायचा, पण रोख द्यायचा. पेरणी तोंडावर असलेल्या माणसाला कुठला भाव मोठा वाटतो, हे त्याच्या दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि मे महिना. टिनाचं छप्पर, पारा ४२-४३ वर, आत कापूस. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, त्यांनी अंगाला खाज सुटते. लहान मुलं रात्रभर अंग खाजवत. बाहेर झोपावं तर अंगणात, म्हणजे शेजाऱ्यापासून दोन हातांवर. सहा फुटांचं अंतर कापसाने आधीच व्यापलं होतं. चूल त्याच घरात पेटायची, एका ठिणगीची धास्ती वेगळीच.

तुमच्यापैकी अनेक जण तेव्हा शाळेत असाल. पुढे जूनपासून शाळा मोबाइलवर आली, तेव्हाची एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या घरात एकच मोबाइल होता, त्यावर मुलीचा वर्गही होता आणि वडिलांना बाजार समितीचा फोनही त्यावरच येणार होता. ‘उद्या गाडी आणा’ हा फोन चुकला तर नंबर गेला.

ज्यांच्याकडे कापूसच नव्हता, त्यांचं काय? झरी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम-गोंड पाड्यांवर मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलांचा हंगाम. फुलं पडायची थांबली नाहीत, पण आठवडी बाजार भरेनात. मग विकायची कुठे? जनधन खात्यात महिलांना तीन महिने ५०० रुपये आले आणि बँकेसमोर रांगा लागल्या.

हैदराबादहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पाटणबोरीजवळ जिल्ह्यात शिरतो आणि पांढरकवड्यावरून पुढे जातो. त्या रस्त्यावरून माणसं चालत गेली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. ‘घरात राहा’ म्हटल्यावर ती घराकडेच तर निघाली होती. १९ मेच्या पहाटे आर्णी तालुक्यात सोलापूरहून मजुरांना नागपूर स्टेशनला नेणाऱ्या एसटी बसचा ट्रकशी अपघात झाला. तिथून त्यांना झारखंडची गाडी मिळणार होती. चार जण गेले.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा वऱ्हाडात आला तोही कापसाच्याच दिवसांत. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, आणि ऐन वेचणीत घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. देशात सर्वाधिक मृत्युदर असलेल्या भागांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता. तेव्हा वावरात हात कमी पडले असतील. २०२० मध्ये हात होते, वेचलेला कापूसही होता, फक्त काटा नव्हता. साथ म्हटली की आपण मेलेल्यांचे आकडे मोजतो, आणि तेच बरोबर. पण घरात अडकलेल्या क्विंटलांचा हिशेबही त्या वर्षाच्या इतिहासात असायला हवा, असं मला वाटतं. कारण बियाणं, खत, जुनं कर्ज, सालगड्याचे पैसे, सगळं त्यातूनच निघणार होतं. कर्जमुक्तीचे पैसे ज्यांचे आले नव्हते, त्यांना बँक नवं पीककर्ज देताना हात आखडता घ्यायची.

जूनमध्ये मृग लागला. खरेदी केंद्रांसमोर गाड्या अजून उभ्याच होत्या, वर ताडपत्री ओढलेल्या. कुणाचा कापूस ग्रेडरने परत पाठवला, कुणाचा भिजला. ज्यांचा मोजून झाला ते चुकाऱ्याची वाट बघत बसले, आणि उधारीच्या बियाण्याने पुन्हा कापूसच पेरला.