सगळ्यांच्या सर्व्हरवर माझा रेपो

फेडोरापीपल.ऑर्ग या सर्व्हरवर कित्येक वर्षं माझ्या नावाची एक डिरेक्टरी होती आणि तिच्यात ‘पब्लिक_गिट’ नावाचा एक फोल्डर. फेडोरा या लिनक्स प्रकल्पात काम करणाऱ्या कोणालाही तिथं थोडी जागा मिळायची. पैसे पडत नसत. प्रकल्पातल्या एखाद्या गटाचं सभासद असलं की झालं. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचं काम करायचे. भाषांतराच्या फायली, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ नीट उमटतात का हे तपासणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट आणि लोहित फॉन्टच्या सोर्सची माझी स्वतःची प्रत, एवढा माझा तिथला संसार. लोहित हे मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं रेड हॅटसाठी केलेले फॉन्ट. माझ्या प्रतीत मी ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे करून पाहत होते. फॉन्टफोर्जची एसएफडी फाइल साधा मजकूर असते, त्यामुळे वळणातला कुठला बिंदू किती सरकवला हे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये ओळीनिशी दिसतं. फॉन्टच्या मुख्य सोर्सला हात न लावता असा खेळ जगासमोर मांडता यायचा, आणि ज्याला पटेल तो ते उचलून न्यायचा.

आज कामाला लागणाऱ्या मुलांना वाटतं, स्वतःचा रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) म्हणजे गिटहबसारख्या एखाद्या कंपनीच्या साइटवरचं खातं, आणि ते पहिल्यापासून असंच होतं. तसं नव्हतं. अशा कोडची पहिली घरं सामायिक यंत्रांवर होती, आणि ती यंत्रं ज्यांची होती तेच ती वापरतही होते.

त्या काळी रेपो मांडायचा म्हणजे काय करावं लागे ते सांगते, कारण आता ते कोणी शिकवत नाही. एसएसएचनं, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करून, सर्व्हरवर शिरायचं. ‘गिट इनिट’ला ‘बेअर’ सांगून, म्हणजे कामाच्या फायलींशिवाय नुसता इतिहास साठवणारा, रेपो तयार करायचा. त्यात ‘डिस्क्रिप्शन’ नावाची फाइल असते. तिच्यातलं ‘अननेम्ड रिपॉझिटरी’ पुसून एका ओळीत आपलं काम काय ते लिहायचं. मग ‘गिट-डीमन-एक्सपोर्ट-ओके’ या नावाची एक रिकामी फाइल ठेवायची. तिच्यात एक अक्षरही नसतं. ती आहे म्हणजे परवानगी आहे. नसेल तर गिट डीमन हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम तो रेपो बाहेरच्या कोणाला दाखवत नाही. साध्या एचटीटीपीनं क्लोन करू द्यायचं असेल तर प्रत्येक पुशनंतर ‘अपडेट-सर्व्हर-इन्फो’ चालवणारा हुकही चालू करावा लागे. तो विसरला की लोकांना जुनाच कोड मिळायचा. शेवटी फायलींच्या परवानग्या: कोण वाचू शकतं, कोण लिहू शकतं. एवढं केलं की तिलदा (~) चिन्ह आणि आपलं नाव असा पत्ता तयार. मला या क्रमात एक सभ्यता दिसते. काय उघड करायचं आणि काय नाही, हे प्रत्येक पायरीवर आपल्या हातानं ठरवावं लागत असे.

‘पब्लिक_गिट’ हे ‘पब्लिक_एचटीएमएल’चं धाकटं भावंड. नव्वदच्या दशकात एनसीएसएच्या वेब सर्व्हरनं ती सोय दिली: आपल्या डिरेक्टरीत त्या नावाचा फोल्डर केला की आपलं पान वेबवर दिसे, पत्त्यात तिलदा आणि नाव. तिलदा युनिक्सच्या सी-शेलमधून आलेला. १९७०च्या दशकातल्या एडीएम-३ए टर्मिनलवर ‘होम’ आणि तिलदा एकाच कळीवर होते. विद्यापीठांतल्या एका संगणकावर अनेक जण बसत तेव्हापासूनची ही मांडणी: यंत्र एक, डिरेक्टऱ्या वेगवेगळ्या, आणि सगळ्यांच्या ओळखीचा एक ॲडमिन.

वैयक्तिक कोड रेपो मात्र २००५नंतरच सर्रास झाले. त्याआधी रुळलेल्या सीव्हीएस या प्रणालीत एक मध्यवर्ती रेपो असे आणि त्यात लिहिण्याचा हक्क मोजक्यांना. बाकीच्यांनी पॅच पाठवायचे आणि वाट पाहायची. एप्रिल २००५मध्ये लिनक्स कर्नलसाठी वापरल्या जाणाऱ्या बिटकीपर या प्रणालीची मोफत वापराची सवलत गेली, लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं काही दिवसांत गिट उभं केलं, आणि मग प्रत्येकाच्या हातात सबंध इतिहास आला. प्रत्येकाची प्रत तितकीच पूर्ण. मग ती ठेवायची कुठं? जिथं आपलं शेल अकाउंट, म्हणजे यंत्राला थेट आदेश देता येणारं खातं, आहे तिथं. कर्नल.ऑर्गवर लिनक्स कर्नलच्या एकेका भागाची जबाबदारी घेणाऱ्यांनी आपापल्या डिरेक्टरीत आपापले रेपो ठेवले आणि लिनस तिथून कोड ओढून घेऊ लागला. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रकल्पाच्या अलिऑथ या सर्व्हरवरही सभासदाच्या नावाचा ‘पब्लिक_गिट’ असे. चेक प्रजासत्ताकातल्या पेट्र बौदिशनं रेपो.ऑर.सीझेड सुरू केलं, तेही गिटहबच्या आधी. तिथं कोणी एखाद्या प्रकल्पाचा फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, केला तर मूळ रेपोतला साठा दोघांत वाटला जाई, म्हणजे डिस्कवर तोच कोड दोनदा ठेवावा लागत नसे. जागा तुटपुंजी असली की अशा युक्त्या सुचतात.

या प्रथेला खरा धक्का २०११मध्ये बसला. २८ ऑगस्टला कर्नल.ऑर्गच्या यंत्रांत कोणीतरी घुसल्याचं लक्षात आलं. त्यानं रूट, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळवले होते. कर्नल.ऑर्गच्या ४४८ वापरकर्त्यांना पासवर्ड आणि एसएसएचच्या कळा (‘की’) बदलायला सांगण्यात आलं. साइट कित्येक आठवडे बंद होती आणि तेवढ्या काळापुरता लिनसनं आपला रेपो गिटहबवर ठेवला. कोडची काळजी तुलनेनं कमी होती. गिटमध्ये प्रत्येक कमिटची ओळख त्याच्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटवरून गणितानं काढलेली असते. कोणी मागे जाऊन एक ओळ बदलली तर पुढची सगळी ओळख बदलते, आणि जगभर हजारो लोकांच्या यंत्रांवर खरी प्रत पडलेली असते. काळजी होती ती यंत्राची. इतक्या माणसांना पूर्ण शेल दिलेलं असेल तर त्यातल्या एकाचा लॅपटॉप कोणी फोडला तरी सगळ्यांचं घर उघडं पडतं.

इथं भारताचा एक धागा आहे, आणि आपल्याकडे तो फार कोणी सांगत नाही. २००९मध्ये सीताराम चमर्ती यांनी गिट सर्व्हरवर कोणाला काय करता येईल हे ठरवणारा गिटोलाइट नावाचा पर्लमधला प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. त्याआधी गिटोसिस होतं, पण कोणत्या ब्रांचवर कोणी लिहायचं इतका बारीक भेद त्याला करता येत नसे. गिटोलाइटची रचना अशी: सर्व्हरवर खरा युनिक्स वापरकर्ता एकच, बहुधा ‘गिट’ नावाचा. सगळे त्याच नावानं येतात. पण कळांच्या यादीत प्रत्येक कळीसमोर एक सक्तीचा आदेश आणि माणसाचं नाव लिहिलेलं असतं. कळ जुळली की शेल मिळत नाही. त्या नावानं गिटोलाइट चालू होतं, नियम पाहतं, आणि गिटचं तेवढंच काम करू देतं किंवा नाही म्हणतं. नियमही एका गिट रेपोतच असतात, त्यामुळे कोणी कोणाला कधी हक्क दिला याचाही इतिहास राहतो. शिवाय एका नमुन्यात बसणाऱ्या नावाचे रेपो सभासदाला स्वतःच तयार करता येतात, ॲडमिनला विचारावं लागत नाही.

कर्नल.ऑर्ग पुन्हा उभं राहिलं तेव्हा बहुतेकांचं शेल गेलं होतं आणि गिटसाठी दारात गिटोलाइट होतं. खातं हवं असेल तर आपली पीजीपी कळ इतर डेव्हलपरांनी सही केलेली हवी, म्हणजे आधी माणसानं माणसाला ओळखायला हवं. फेडोराच्या पॅकेजांचा सोर्स २०१०मध्ये सीव्हीएसमधून गिटमध्ये आला तेव्हा त्याच्या दाराशीही गिटोलाइटच होतं. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाच्या गिट सर्व्हरवर प्रत्येक डेव्हलपरला ‘स्क्रॅच’ विभागात आपले कच्चे प्रयोग ठेवता यायचे. ती सोयही याच प्रोग्रॅमच्या जोरावर. सामायिक घर टिकलं ते चावी न वाटता आत येऊ देण्याच्या या युक्तीमुळे, असं माझं ठाम मत आहे. भारतातल्या एका माणसानं लिहिलेला हा प्रोग्रॅम मुक्त सॉफ्टवेअरच्या इतक्या मोठ्या घरांच्या दारात उभा राहिला, याचा मला अभिमान वाटतो.

२०११पर्यंत गिटहब येऊन तीन वर्षं झाली होती आणि ओढा तिकडे होता. ते स्वाभाविकच होतं. तिथं परवानग्या आणि हुकांचं ओझं नव्हतं. पण तिलदाच्या पत्त्याऐवजी आपण एका धंद्याच्या पत्त्यावर राहायला गेलो. अशी घरंही कायमची नसतात: २०१५मध्ये गिटोरियस ही अशीच एक साइट गिटलॅब या कंपनीनं विकत घेतली आणि बंद केली. गूगल कोड जानेवारी २०१६मध्ये बंद झालं. २०१८मध्ये गिटहब मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरना घेतलं.

सामायिक सर्व्हरही बंद पडतात, हे लपवण्यासारखं नाही. फेडोरा होस्टेड, जिथं लोहितचं मुख्य घर होतं, २०१७च्या मार्चमध्ये मिटलं. अलिऑथ २००३पासून चालू होतं. ज्या डेबियन आवृत्तीवर ते उभं होतं तिला सुरक्षेचे पॅच मिळणं २०१८च्या मेअखेर संपणार होतं, आणि चालवणाऱ्या मोजक्या स्वयंसेवकांना ते जुनं यंत्र पुढं ओढणं शक्य नव्हतं. त्याच्या जागी साल्सा हा नवा सर्व्हर गिटलॅबच्या सॉफ्टवेअरवर उभा राहिला, आणि आपला रेपो हलवण्याचं काम ज्याचं त्याच्यावर सोपवलं गेलं. ज्यांनी हलवला नाही त्यांचे रेपो टारमध्ये बांधून एका अर्काइव्हवर ठेवले आहेत. ज्यांनी हलवला त्यांच्या जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वाट दाखवणारी यादी स्वयंसेवकांनी राखली, आणि त्या यादीतही भर घालायची तर गिटमधूनच. मी डेबियनची नाही, तरी एखादं घर असं निगुतीनं मिटवलेलं पाहिलं की चालवणाऱ्यांविषयी आदर वाटतो.

शेलवाली जुनी घरंही सगळी गेलेली नाहीत. एसडीएफ हे असंच एक सामायिक यंत्र १९८७मध्ये ॲपल टू-ई संगणकावरची बीबीएस (बुलेटिन बोर्ड) म्हणून सुरू झालं. आज ते नेटबीएसडीवर चालतं आणि सभासदांच्या वर्गणीवर जगतं. २०१४मध्ये पॉल फोर्डनं टिल्ड.क्लब काढलं, त्याच्यामागून अशा छोट्या यंत्रांचा एक गोतावळा तयार झाला आणि त्यांचा स्वतःचा गिट सर्व्हरही आहे. भारतात मुक्त सॉफ्टवेअरचा स्वयंसेवक समुदाय आपला गिटलॅब सर्व्हर स्वतः चालवतो. गिटलॅब डेबियनच्या पॅकेजांत आणण्याचं किचकट कामही भारतीय स्वयंसेवकांनीच अंगावर घेतलं होतं.

माझे फॉन्टचे प्रयोग आता कोडबर्गवर आहेत. २०१८मध्ये बर्लिनमध्ये नोंदवलेली ही संस्था आहे, कंपनी नाही. सभासद वर्गणी भरतात आणि कारभार पाहणारे निवडतात. कोडबर्ग ज्यावर चालत असे ते गिटी हे सॉफ्टवेअर २०२२मध्ये एका कंपनीच्या हाती गेलं तेव्हा त्यातून फोर्जेजो वेगळं काढलं गेलं, आणि कोडबर्ग त्याच्या पाठीशी उभं राहिलं. डिसेंबर २०२४मध्ये फेडोरानंही आपल्या कोडसाठी फोर्जेजो निवडलं. चालवायचं ते स्वतःच्याच यंत्रांवर.