अलँ, झेआँ

अलँ, झेआँ : (३ फेब्रुवारी १९११–२० जून १९४०). फ्रेंच संगीतरचनाकार आणि ऑर्गनवादक. पॅरिसच्या पश्चिमेस असलेल्या सँ-जेर्मँ-आँ-ले येथे त्याचा जन्म झाला. त्याचे वडील आल्बेर हेही ऑर्गनवादक असून त्यांनी राहत्या घरातच हातांनी वाजवावयाच्या पट्ट्यांच्या चार ओळी असलेला ऑर्गन आपल्या हाताने उभारला होता, आणि झेआँच्या स्वररंगांच्या जाणिवेची घडण प्रथम या वाद्यावरच झाली. मराठी संगीत नाटकांच्या साथीला असे त्या ऑर्गनमध्ये हवेने धातूच्या पट्ट्या कंप पावतात. चर्चमधील ऑर्गनमध्ये मात्र हवा नळ्यांमध्ये सोडली जाते आणि खर्जाचे स्वर बहुधा पायांनी वाजवले जातात.

पॅरिसच्या संगीत विद्यालयात त्याने मार्सेल द्युप्रेकडे ऑर्गनचे आणि पोल द्युकाकडे रचनेचे शिक्षण घेतले. ऑर्गनवादनाचे पहिले पारितोषिक त्याला १९३९ मध्ये मिळाले. दरम्यान १९३५ पासून तो मेझाँ-लाफित येथील चर्चमध्ये व पॅरिसमधील एका सिनेगॉगमध्ये वादन करीत असे.

पॅरिसमध्ये १९३१ साली भरलेल्या वसाहतींच्या प्रदर्शनात पौर्वात्य संगीत त्याच्या कानी पडले व त्याचा ठसा त्याच्या लयविचारावर उमटला. पुढच्याच वर्षी त्याने ‘अग्नी यविष्ठ’ या देवतेला उद्देशून ऑर्गनसाठी दोन नृत्ये रचली. यविष्ठ, म्हणजे सर्वांत तरुण, हे ऋग्वेदातील अग्नीचे विशेषण आहे. रोज नव्याने प्रज्वलित होणाऱ्या या देवतेचे नाव ज्याची लय ठरावीक मात्रांच्या चौकटीत फार काळ राहत नाही अशा संगीताला अतिशय शोभते. त्याची सर्वाधिक वाजवली जाणारी रचना ‘लितानी’ (१९३७) ही होय. लितानी म्हणजे जपाप्रमाणे एकच आवाहन पुनःपुन्हा करणारी प्रार्थना. या रचनेत एकच लहान स्वरवाक्य अखंड आवर्तत वेग घेत जाते आणि अखेरीस जड स्वरसमूहांच्या आघातांत पोहोचते. पुनरावृत्ती येथे अलंकार म्हणून येत नाही, तर तीच प्रार्थनेची निकड होते, आणि या रचनेचे खरे सामर्थ्य त्यातच आहे. त्याच वर्षी गिर्यारोहण करताना त्याची बहीण ओदील मरण पावली. तिच्या स्मृतीला वाहिलेले शोकनृत्य ‘त्र्वा दाँस’ (तीन नृत्ये) या कृतीच्या मध्यभागी आहे.

दुसऱ्या महायुद्धात तो मोटारसायकलवरील निरोप्या होता. सोम्यूरजवळ जर्मन सैन्याशी गाठ पडून, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, तो मारला गेला. शौर्याबद्दल त्याला मरणोत्तर ‘क्र्वा द गेर’ हे पदक देण्यात आले. सुमारे दहा वर्षांच्या रचनाकाळात त्याने शंभरांहून अधिक कृती लिहिल्या.

मोरिस द्युर्युफ्लेने १९४२ मध्ये ‘अलँ’ या नावातील अक्षरांना स्वर नेमून एक प्रिल्यूड व फ्यूग (एकच स्वरवाक्य अनेक आवाजांनी पाठोपाठ उचलण्याचा रचनाप्रकार) त्याच्या स्मरणार्थ रचले. धाकटी बहीण मारी-क्लेअर (१९२६–२०१३) ही विसाव्या शतकातील अग्रगण्य ऑर्गनवादक ठरली आणि तिने भावाचे सर्व ऑर्गनसंगीत एकाहून अधिक वेळा ध्वनिमुद्रित केले. वडिलांनी बांधलेला घरचा ऑर्गन आता स्वित्झर्लंडमधील रोमँमोत्ये येथे आहे.