धारचा लोहस्तंभ आणि यंत्राचा ताप

धार आणि देवास ही माळव्यातील दोन नगरे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने तेथे आपल्या गाद्या स्थापिल्या आणि देवासास तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. परंतु आज राजघराण्यांचा नव्हे, तर एका प्रश्नाचा इतिहास सांगावयाचा आहे. भट्टीतले लोखंड असो की चालते यंत्र असो, त्याचा ताप माणसाने ओळखावा कसा, हा तो प्रश्न. त्याचा आरंभ धारेपासून करणे उचित होईल.

धारच्या लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. ते एकत्र धरले तर लांबी सुमारे १३ मीटर आणि वजन सुमारे ७ टन भरते. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ लांबीने याच्या निम्म्याहून थोडासाच अधिक आहे. दिलावरखानाने १४०५ मध्ये बांधविलेल्या मशिदीस या लाटेवरूनच नाव पडले. गुजरातचा सुलतान बहादुरशहा हा स्तंभ उपटून नेऊ पाहत असता तो पडून भंगला, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. स्तंभ परमार राजा भोज याच्या काळचा, म्हणजे अकराव्या शतकातला, असावा असे मानतात.

हा स्तंभ ओतीव नाही, घडीव आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला होता. लोखंडाचे गोळे तापवावयाचे, एकमेकांवर ठेवून ठोकावयाचे आणि एकजीव करावयाचे, अशी ती रीत. याला सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती उणी पडली तर सांधा धरत नाही, अधिक झाली तर लोखंड ठिणग्या टाकीत जळू लागते. लोहारापाशी तापमापक नव्हता. प्रथम काळपट तांबडा, मग केशरी, मग पिवळा आणि अखेर पांढुरका, असा तापणाऱ्या लोखंडाचा रंग पाहूनच घणाचा घाव केव्हा घालावयाचा हे तो ठरवी. मर्यादा कोठे आहे ते त्याचा डोळा जाणत होता. मात्र ते ज्ञान डोळ्यातच राहिले. आज स्तंभ उभा नाही आणि तो घडविणाऱ्यांची एक ओळही आपल्या हाती नाही.

भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात एक संपूर्ण अध्याय यंत्रांवर आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत हा ग्रंथ १९२४-२५ च्या सुमारास छापला गेला. पारा तापवून त्याच्या बळावर लाकडी पक्षी उडविण्याची कल्पनाही त्यात आहे. परंतु यंत्राची जुळणी सविस्तर दिलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी दिली नाही, असे ग्रंथकार स्वतःच सांगतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

डोळ्यानंतर हात. देवासास किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे आणि माळव्याच्या विहिरीविहिरींवर पंप चालतात. मोटारीवर तळहात ठेवून ती जास्त तापली की काय, हे अनुभवी शेतकरी सांगतो. हात क्षणभरही ठेववला नाही, तर तो पंप थांबवितो. हाही एक तापमापकच होय.

संगणकापाशी मात्र डोळा आणि हात दोन्ही थिटे पडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये चालू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात काचेचे हजारो व्हॉल्व्ह होते आणि त्यांची उष्णता खोलीत जाणवे. पुढे तेच काम नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर होऊ लागले. प्रोसेसर म्हणतात तो हाच. त्याचा ताप धातूच्या ठोकळ्याखाली व पंख्याखाली झाकलेला असतो. म्हणून तापमापकच त्या चकतीच्या पोटात बसविण्यात आला. डायोडमधून ठराविक वीजप्रवाह सोडला असता, दर अंश उष्णतेमागे त्याच्या टोकांमधील विद्युद्दाब सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. त्यावरून ताप कळतो आणि ‘कोअर टेम्प’सारखी सॉफ्टवेअरे तो आकडा पडद्यावर दाखवितात. २००६ च्या सुमारास अशा सॉफ्टवेअरांचा प्रसार वाढला.

येथेच खरी मौज आहे. त्या वेळचे इंटेल कंपनीचे नवे प्रोसेसर आपला ताप सांगत नसत. मर्यादेपासून आपण किती अंश दूर आहोत, एवढेच सांगत. मर्यादा १०० अंशांची आणि अंतर ३५ चे असेल, तर ताप ६५. परंतु मेजावरच्या संगणकांतील कित्येक प्रोसेसरांची ही मर्यादा कंपनीने जाहीर केली नव्हती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ती अदमासाने धरली. १०० च्या जागी ८५ धरले, की पडद्यावर ६५ ऐवजी ५० दिसे. लोक निश्चिंत होत, किंवा उलट अदमास असेल तर विनाकारण धास्तावत. मापक खोटा नव्हता, गणितही चुकले नव्हते. फक्त एक आकडा झाकलेला होता. २००८ मध्ये कंपनीने हे आकडे सांगण्यास आरंभ केला, तेव्हा पडद्यावरच्या अंशांना अर्थ आला.

धारच्या ग्रंथकाराची गुप्तता आणि कंपनीची गुप्तता यांत नऊशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण परिणाम एकच. ताप मोजणे म्हणजे केवळ आकडा वाचणे नव्हे. कोणत्या मर्यादेशी तो ताडावयाचा, हे ठाऊक असेल तरच मोजमापाला मोल येते. लोहाराला ती मर्यादा ठाऊक होती, परंतु लिहिलेली नव्हती, म्हणून त्याच्यामागे ती उरली नाही. आजच्या कारागिराला ती लिहिता येते, छापता येते. आपल्या हातातल्या यंत्राने किती ताप सोसावा, हे त्याच्या कर्त्याला विचारण्याचा आणि उघड उत्तर मिळविण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असला पाहिजे. आणि ज्यांच्या हाती कसब आहे, त्यांनी ते लिहून ठेविले पाहिजे. एरवी मागे तुकडे तेवढे उरतात, आणि ते कसे घडले हे सांगणारा कोणी उरत नाही.